जुन्या इमारतीतील सदनिकेत रंग कसे भरावेत: प्रथमच घर सजवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जुन्या इमारतीला पांढऱ्या भिंती, काळपट लाकूड आणि फिकट पडदे एवढेच शोभतात, अशी अनेकांची समजूत असते आणि त्या धाकाने ते रंगांना हातच लावत नाहीत. प्रत्यक्षात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पुष्कळ घरे आजच्या घरांपेक्षा कितीतरी अधिक रंगीत होती. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये प्रशियन निळा तयार झाला, १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनची (एका गडद निळ्या रंगद्रव्याची) कृती सापडली, १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला, आणि अशा शोधांबरोबर भिंतींवरच्या कागदांवर, लाकूडकामावर, कापडांवर नव्या छटा उतरत गेल्या. त्यामुळे ठसठशीत रंगांची भीती बाळगण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती निराळ्या गोष्टीची. घराच्या मूळ अंगावर, म्हणजे गिलावा, लाकूडकाम, फरशी आणि छत यांवर, आपण जे काही करू ते पुढे कोणाला काढावेसे वाटले तर वास्तूला इजा न होता काढता आले पाहिजे. ही एक अट पाळून किती मोकळेपणाने घर रंगवता आणि सजवता येते, ते पुढे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

पहिला टप्पा: घर वाचणे

घराचा ताबा मिळाल्यावर निदान महिनाभर रंगाचा डबा उघडू नये, असा माझा आग्रह आहे. या महिन्यात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रत्येक खोलीत उजेड कोठून येतो, कोठे थांबतो आणि कोणत्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही, हे पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. घरात मुळापासून असलेल्या रंगांची यादीही त्याच वहीत करावी. नक्षीदार फरशीतील विटकरी आणि राखाडी, दारांच्या लाकडाचा मधासारखा तपकिरी, रंगीत तावदानांतील हिरवा, पितळी कड्यांचा पिवळा, दगडी उंबऱ्याचा काळसर निळा, असे पाच-सहा रंग बहुतेक जुन्या घरांत आधीच मुक्कामाला असतात. नवी रंगसंगती ठरवताना या यादीतील किमान दोन रंगांशी तिचे नाते असावे. एवढे केले तरी पुढची निम्मी चूक टळते, कारण जुन्या घरातील विसंगती बहुधा नव्या दोन रंगांमध्ये नसते. नवा रंग आणि न बदलणारी फरशी यांच्यात ती असते.

भिंतीवर आधी कोणते रंग होते हे पाहायचे असल्यास कपाटामागच्या किंवा दारामागच्या एखाद्या न दिसणाऱ्या जागी, अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यावरचे थर धारदार पात्याने एकेक करून अलगद उघडता येतात. मात्र रंगात शिसे आहे की नाही याची तपासणी होईपर्यंत हे करू नये. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. शिवाय जवसाच्या तेलातील रंग अंधारात राहिला की पिवळट पडतो, म्हणून उघडलेला जुना थर लगेच खरा मानू नये. काही दिवस त्याला दिवसाचा उजेड मिळू द्यावा आणि मग त्याची छटा नोंदवावी.

दुसरा टप्पा: परवानगी आणि धोके

इमारत वारसा यादीत असेल तर बाहेरून दिसणाऱ्या खिडक्या, दारे, कठडे यांना आणि काही ठिकाणी आतील जिने, छत, लाकूडकाम यांनाही लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे स्थानिक वारसा अधिकाऱ्यांकडे, घरमालकाकडे आणि इमारतीच्या व्यवस्थापनाकडे काम सुरू होण्याआधीच विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. जुन्या तेलरंगांत शिसे सर्रास वापरले जाई. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि अन्य अनेक देशांत त्याहूनही उशिरा. दारे-खिडक्यांवरचा असा रंग शाबूत असेल तोवर फारसा त्रास देत नाही, परंतु तो कोरडा घासला की त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या व गर्भाच्या वाढीला ती अतिशय घातक ठरते. म्हणून जुना रंग कोरड्या सँडपेपरने घासणे, ज्योतीने जाळून काढणे हे प्रकार पूर्ण टाळावेत, आधी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा आणि शिसे निघाले तर प्रशिक्षित माणसांकडूनच काम करून घ्यावे. विसाव्या शतकातील काही फरशांमध्ये, त्यांच्या डिंकात आणि गरम पाण्याच्या नळांवरच्या आवरणांत ॲस्बेस्टॉस हे आरोग्याला घातक तंतुमय खनिजही असू शकते. संशय असल्यास तो भाग न तोडता, न खरवडता तपासणी करून घ्यावी. एकोणिसाव्या शतकातील हिरव्या भिंतकागदांचाही येथे उल्लेख करायला हवा. कार्ल शेले यांनी १७७५ मध्ये तयार केलेला हिरवा आणि त्यानंतर आलेला पाचूसारखा हिरवा, या दोन्हींत विषारी आर्सेनिक होते, आणि अशा कागदाचे अवशेष जुन्या थरांखाली आजही सापडू शकतात.

विजेच्या तारा जुन्या, कापडी किंवा रबरी वेष्टनाच्या असतील तर त्या बदलणे हे रंगाच्या आधीचे काम आहे. नव्या तारांसाठी जुना गिलावा फोडून चर पाडण्यापेक्षा भिंतीवरून नीट आखलेली नळी न्यावी. ती लपवण्याचा आटापिटा न करता भिंतीच्या किंवा चौकटीच्या रंगात रंगवली की नजरेला खटकत नाही.

तिसरा टप्पा: भिंतीला चालेल असा रंग

या टप्प्यावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण बहुतेक नुकसान येथेच होते. जुन्या इमारतींच्या भिंती बहुधा विटा किंवा दगड, त्यांच्या सांध्यांत चुना आणि त्यावर चुन्याचा गिलावा अशा बांधलेल्या असतात. अशी भिंत थोडी ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की ती बाहेर सोडते. तिचे आयुष्य या देवाणघेवाणीवर टिकलेले असते. तिच्यावर धुता येणारा प्लास्टिक रंग लावला किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडली जाते, क्षार वर येतात, रंगाचे फुगे होतात आणि शेवटी पोपड्यांबरोबर जुना गिलावाही सुटून येतो. माझ्या पहिल्या जुन्या घरात मी बैठकीच्या भिंतीला हौसेने असाच चकचकीत मोरपिशी रंग दिला होता. वर्षाच्या आत खालचा हातभर पट्टा फुगला, आणि तो काढताना मागचा चांगला घोटलेला गिलावा हातात आला. तो गिलावा पुन्हा तसाच घोटून देणारा कारागीर मला मिळाला नाही, याची खंत आजही आहे.

चुन्याच्या भिंतीसाठी पहिली पसंती रंगीत चुन्याला द्यावी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि गिलाव्याशी एकजीव होतो, म्हणून तो पातळच लावावा, भिंत आधी पाण्याने ओलसर करावी आणि तीन ते पाच हात देऊन, प्रत्येक हात वाळू देऊन छटा गाठावी. ओला असताना हा रंग वाळल्यावर दिसेल त्याहून बराच गडद दिसतो. पहिल्यांदा लावणारे तेथेच बिचकतात आणि दुसऱ्या हातात पाणी वाढवतात. तसे करू नये. चुन्यात कोणताही रंग टिकत नाही हेही ध्यानात घ्यावे. गेरू, पिवडी, हिरवी माती, उंबर (गडद तपकिरी माती) असे मातीचे रंग आणि अल्ट्रामरीन चुन्याच्या क्षारीपणाला तोंड देतात. प्रशियन निळा मात्र त्यात टिकत नाही आणि हळूहळू तपकिरी पडतो. म्हणून गडद निळी भिंत हवी असेल तर अल्ट्रामरीनच निवडावा. भिंतीवर आधीच प्लास्टिक रंग असेल तर चुना तिला धरत नाही, तो रंग आधी उतरवावा लागतो.

सिलिकेट रंग हा दुसरा पर्याय. अडॉल्फ केम यांनी जर्मनीत १८७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो भिंतीतील खनिजांशी रासायनिक रीतीने जोडला जातो, ओल कोंडत नाही आणि दीर्घकाळ टिकतो. परंतु एकदा बसला की तो काढता येत नाही, म्हणून घराच्या आत मी तो टाळते. छतावरच्या नक्षीसाठी सरसाचा मऊ डिस्टेंपर उत्तम, कारण तो पाण्याने पुसून काढता येतो. छताच्या नक्षीतील पाने-फुले जी बोथट झालेली दिसतात ती झीज झाल्यामुळे नसतात. रंगाच्या अनेक थरांखाली ती बुजलेली असतात, आणि आणखी एक जाड थर दिला की ती पार नाहीशी होतात. लाकूडकामाला जवसाच्या तेलातील रंग किंवा रोगण द्यावे. पूर्वी कधीच न रंगवलेले मूळ लाकूड मिळाले असेल तर त्याला रंग लावू नये, एवढी मनापासून विनंती आहे.

फरशी नक्षीदार सिमेंटची असेल तर तिच्या रंगीत थराची जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते आणि ती भट्टीत भाजलेली नसते. साच्यात भरून दाबाखाली घट्ट केलेली असते. आम्लयुक्त कोणतेही द्रव्य, अगदी व्हिनेगरसुद्धा, तिचा पृष्ठभाग खाते. साधे पाणी आणि सौम्य साबण एवढेच वापरावे.

चौथा टप्पा: रंगांची निवड

रंग एकटा कधीच दिसत नाही. पॅरिसच्या गोबेलिन विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल यांच्याकडे काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार आली होती. तपासाअंती त्यांच्या लक्षात आले की दोष धाग्याच्या रंगाईत नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत आहे. १८३९ मध्ये त्यांनी हा शेजारधर्माचा नियम विस्ताराने मांडला, आणि रंगीत घर सजवणाऱ्यासाठी तो आजही सर्वांत उपयोगी आहे. तोच हळदी पिवळा जांभळट पडद्याशेजारी पेटून उठतो आणि केशरी गालिच्याशेजारी मंदावतो. म्हणून रंगाच्या दुकानातील बोटभर पट्टीवरून निर्णय घेऊ नये. साधारण ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे जाड पुठ्ठे घ्यावेत, कडेला पांढरा काठ सोडून त्यांवर रंगाचे दोन हात द्यावेत आणि ते फरशीला, चौकटीला, पडद्याला, सोफ्याला लावून आठवडाभर फिरवत पाहावेत. भिंतीवरच नमुने रंगवले तर जुना रंग शेजारी राहून डोळ्यांची फसगत करतो आणि भिंतीवर नाहक थर चढतात.

छटा निवडताना रंगाच्या नावापेक्षा त्याचा उजळपणा अधिक महत्त्वाचा असतो. ठरवलेले सगळे नमुने, कापडे, फरशीचा तुकडा एकत्र मांडून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. सगळेच एकसारखे राखाडी दिसले तर रंग कितीही निरनिराळे असले तरी खोली सपाट वाटेल. काही गडद, काही मधले आणि थोडे अगदी उजळ अशी उतरंड दिसली तर ती संगती टिकते. साठ, तीस आणि दहा टक्के अशा प्रमाणात तीन रंग वाटण्याचा नियम सर्वत्र सांगितला जातो. सुरुवातीला त्याचा आधार घेण्यास हरकत नाही, परंतु नक्षीची फरशी, रंगीत तावदाने आणि लाकडी छत असलेल्या घरात तीन रंग पाळणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही.

प्रत्येक खोली स्वतंत्रपणे रंगवण्याची चूक मात्र फार होते. जुन्या सदनिकांत खोल्या एकापुढे एक असतात आणि उघड्या दारातून पुढच्या खोलीचा तुकडा सतत दिसत राहतो. चित्रकार क्लोद मोने १८८३ पासून जिव्हर्नी येथे राहिले. त्या घरातील जेवणाची खोली भिंतींपासून खुर्च्यांपर्यंत पिवळी आहे आणि लगतच्या स्वयंपाकघरात निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. पिवळ्या खोलीत बसलेल्याला दारातून दिसणारा निळा हा त्या पिवळ्याचाच भाग होतो. आपल्या घरातही प्रत्येक दारात उभे राहून समोर काय दिसते हे पाहावे आणि त्या चौकटीत एका वेळी येणारे दोन रंग एकत्रच ठरवावेत. अंधाऱ्या खोलीला पांढरा रंग देऊन ती उजळत नाही, मळकट दिसते. अशा खोलीला डाळिंबी, बाटलीसारखा हिरवा किंवा गडद निळा द्यावा आणि दिव्यांच्या उजेडात ती खुलवावी, असे माझे मत अनुभवाअंती पक्के झाले आहे.

छत उंच असेल आणि भिंतीवर चित्रे टांगण्याची जुनी लाकडी पट्टी असेल तर भिंतीचा रंग त्या पट्टीपर्यंतच न्यावा आणि वरचा भाग छताच्या छटेत घ्यावा. जेथे पट्टी नाही तेथे नवी रेघ ओढून भिंतीचे कृत्रिम तुकडे पाडू नयेत.

पाचवा टप्पा: दिवे

छताच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा लावला की रंगांचे सारे कष्ट वाया जातात. प्रत्येक खोलीत वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार मंद दिवे ठेवावेत. दिव्यांचा प्रकाश २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर असावा आणि रंग खरे दिसण्यासाठी खोक्यावरचा सीआरआय हा आकडा ९० किंवा त्याहून अधिक असावा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल रंग हमखास मरतो. पुठ्ठ्यांची चाचणीही याच दिव्यांखाली करावी.

सहावा टप्पा: नाना काळांच्या वस्तू एकत्र नांदवणे

वेगवेगळ्या काळांच्या आणि शैलींच्या वस्तूंचे घर कसे जमते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण म्हणजे वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे लंडनमधील राहते घर. १८३३ मध्ये संसदेने खास कायदा केल्यामुळे १८३७ मधील त्यांच्या निधनानंतरही ते जसेच्या तसे जपले गेले आणि आज ते संग्रहालय आहे. एका दालनात पाँपेई या प्राचीन रोमन नगरातील भिंतींसारखा लाल, दुसऱ्यात झगझगीत पिवळा, तळघरात इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी, वर इंग्रज चित्रकार हॉगार्थची चित्रे, सभोवती रोमन शिल्पांचे तुकडे, असा तो संग्रह आहे. तरीही तो विस्कळीत वाटत नाही, कारण छतातून झिरपणारा उजेड आणि जागोजागी बसवलेले आरसे हे एकच सूत्र सगळ्या खोल्यांतून फिरते.

असे एक सूत्र आपणही आधी ठरवावे. ते एखादा रंग असेल, एखादे लाकूड असेल, गोलाकार आकार असेल किंवा विणकाम असेल; प्रत्येक खोलीत ते किमान दोनदा दिसावे. उदाहरणार्थ, बैठकीतील आधुनिक खुर्चीचा तांबडा जर गालिच्याच्या काठात आणि भिंतीवरच्या एका चित्रात पुन्हा दिसला, तर शेजारचे शतकभर जुने कपाट आणि ती खुर्ची एकमेकांना परकी राहत नाहीत. एकेकटी आणि कशाशीच न जुळणारी वस्तू प्रत्येक खोलीत एक असावी, दोन झाल्या की त्या भांडतात. सगळे एकदम विकत घेऊ नये. दोन-तीन मोठ्या वस्तू ठरवून बाकी जागा वर्षभर रिकामी ठेवावी.

जड वस्तू आणण्याआधी जिन्याच्या वळणाची, दारांची आणि लिफ्टची मापे घ्यावीत. लाकडी तुळयांवरच्या जमिनीवर वजनाचाही विचार करावा लागतो. पुस्तकांनी भरलेल्या मीटरभर फळीचे वजन सहज २० ते ४० किलो होते आणि २०० लिटरच्या मत्स्यपेटीतील नुसते पाणीच २०० किलो भरते. अशा वस्तू खोलीच्या मधोमध न ठेवता भार घेणाऱ्या भिंतीलगत, अनेक वाशांवर वजन वाटले जाईल अशा रीतीने ठेवाव्यात, आणि जमीन चालताना हलत असेल तर संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवूच नयेत. जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात; म्हणून भिंतीत ठोकलेल्या फर्निचरपेक्षा सुटी, पायांवर उभी राहणारी कपाटे येथे बरी दिसतात आणि जाताना बरोबर नेताही येतात.

सातवा टप्पा: भिंतीवर काय आणि कसे टांगावे

चित्रांची लाकडी पट्टी असेल तर आकडे आणि तारा वापरून सगळे तिच्यावरच टांगावे, म्हणजे गिलाव्याला एकही भोक पडत नाही. पट्टी नसेल आणि भोक पाडावेच लागले तर ठोकून चालणाऱ्या ड्रिलऐवजी साधे ड्रिल मंद गतीने चालवावे आणि शक्य तेथे विटेत न शिरता दोन विटांमधील सांधा धरावा, कारण सांधा पुढे सहज बुजवता येतो. अनेक चित्रांची मांडणी आधी जमिनीवर करावी, चित्रांच्या मापाचे कागद कापून ते भिंतीला हलक्या चिकटपट्टीने लावावेत आणि मांडणीचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर आणावा. उंच छताच्या मोहाने चित्रे फार वर नेली की ती खालच्या सामानापासून तुटतात. चिकटपट्टीसुद्धा रंगीत चुन्यावर न लावता लाकडावर लावून दोऱ्याने कागद सोडणे अधिक सुरक्षित आहे.

जुनी कापडे आणि जलरंगातील चित्रे उन्हाच्या तिरिपेत ठेवू नयेत. संग्रहालयांत अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात. घरात तेवढे जमत नसले तरी खिडकीसमोरची भिंत त्यांना देऊ नये आणि पडद्यांना अस्तर लावावे.

नोंद ठेवणे

वारसा जतनासाठी १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात स्वीकारलेल्या बुर्रा सनदेत वास्तूमध्ये आवश्यक तेवढाच आणि कमीत कमी बदल करावा असे तत्त्व मांडले आहे, आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवण्यावरही तिचा भर आहे. घरातही ते पाळणे अवघड नाही. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे, प्रत्येक भिंतीच्या रंगाचे नाव व क्रमांक, चुन्यात मिसळलेल्या रंगद्रव्याचे प्रमाण, कोणत्या भिंतीत तारा कोठून गेल्या याचा आराखडा, हे सारे पहिल्या महिन्यात सुरू केलेल्या त्याच वहीत लिहावे. काढून ठेवलेल्या जुन्या कड्या, बिजागऱ्या आणि फरशांचे तुकडे खोलीचे नाव लिहून पेटीत ठेवावेत. उरलेला रंग छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून त्यावर तारीख घालावी, प्रत्येक रंगाचा एकेक रंगवलेला पुठ्ठा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला टाचून ठेवावा, आणि घर सोडताना वही, पेटी आणि पुठ्ठे नव्या रहिवाशाच्या हाती द्यावेत.